दॉर्कस पिम एकदा खरं बोलली

काऊ लेनमधल्या हिरव्या दाराच्या घरात दॉर्कस पिम तेवीस वर्षं राहिली. त्या तेवीस वर्षांत तिच्या तोंडून जे निघालं त्यातलं निम्मं खोटं होतं, असं तिची जोडीदारीण मिल्ड्रेड म्हणायची. दॉर्कसला त्याचा राग यायचा नाही.

"निम्मंच?" ती विचारायची. "मग उरलेलं झोपेत बोलले असेन."

ती मूळची डेप्टफर्डची. बाप गोदीत दोरखंड वळायचा, आई लोकांचे कपडे धुवायची. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न पिम नावाच्या, चरबीच्या मेणबत्त्या ओतणाऱ्या माणसाशी झालं. माणूस सरळ होता, बोलायला कमी, आणि रविवारी चर्चमध्येसुद्धा त्याच्या अंगाला चरबीचा वास यायचा. तीन मुलं झाली, एकही दोन वर्षांचं झालं नाही. तिसऱ्या बाळंतपणाला जी म्हातारी सुईण आली तिनं दॉर्कसचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. पंजा अरुंद, बोटं लांब. "पोरी," म्हातारी म्हणाली, "हे हात मेणबत्त्यांत कशाला नासवतेस?" पुढच्या हिवाळ्यात पिम तापानं गेला आणि दॉर्कस म्हातारीची पिशवी उचलून तिच्या मागे हिंडायला लागली. सात वर्षं हिंडली. मग सहा बायकांची साक्ष काढून बिशपच्या कचेरीतून तिनं सुईणीचा परवाना मिळवला.

परवान्याची शपथ भलती लांब होती. बाळाची अदलाबदल करणार नाही. बाळंतपण लपवणार नाही. आईला खोट्या बापाचं नाव घेऊ देणार नाही. गरीब म्हणून कुणाला टाकून जाणार नाही. दॉर्कसनं बायबलवर हात ठेवून एकेक ओळ न अडखळता म्हटली. पुढं शेवटची ओळ तेवढी तिनं पाळली, बाकीच्यांचा चुरा केला.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर कायम कुणीतरी 'गावाकडची पाहुणी' असायची. पाहुणी तोंडावर जाळी घेऊन यायची, तीन-चार महिने राहायची आणि सपाट पोटानं परत जायची. बाळ हर्टफर्डशायरच्या एका दाईकडे रवाना व्हायचं. शिवाय खलाशांचा धंदा होता. काही बाळं डोक्यावर पातळ पडदा घेऊन जन्मतात, आणि तो पडदा जवळ असला की माणूस पाण्यात बुडत नाही, असं खलाशी मानतात. दॉर्कस असे पडदे विकायची. स्मिथफील्डच्या कसायाकडून आणलेला कोकराच्या आतड्याचा पापुद्रा ती कागदात वाळवायची आणि वर जन्माची तारीख-वार लिहायची.

"अगं, या गल्लीत एवढी पोरं जन्मलीच नाहीत," मिल्ड्रेड म्हणायची.

"बुडालेला माणूस तक्रार करायला येत नाही," दॉर्कस उत्तर द्यायची. "आणि वाचलेला दुसरा घ्यायला येतो."

मिल्ड्रेड कट ही तिच्याच वयाची विधवा. दॉर्कसकडे स्वयंपाक करायची, पाणी तापवायची, बाळंतिणीचे पाय धरायची. गल्लीतली बाकी माणसं दॉर्कसला पिममाई म्हणायची. तिच्या तोंडावर स्पष्ट बोलणारी एकटी मिल्ड्रेडच होती.

ओल्ड बेलीचं कोर्ट घरापासून हाकेच्या अंतरावर. सत्र भरलं की दॉर्कस तिथं जाऊन बसायची, कारण तिथंही तिचं एक काम होतं. चोरीच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेल्या बाईला शेवटी विचारायचे, काही सांगायचंय का? तेव्हा जिला जमेल ती पोट पुढं करायची: "सरकार, माझ्या पोटात जीव आहे." लगेच चपराशी ओरडायचा, "दारं लावा!" कारण दारं लावली नाहीत तर बघायला आलेल्या बायका पळून जायच्या. त्यांच्यातल्याच बारा जणी पकडून शपथ घालायची, शेजारच्या खोलीत नेऊन त्या बाईला तपासायचं, आणि परत येऊन सांगायचं. पोटातलं पोर हलतंय म्हटलं तर फाशी बाळंतपणापर्यंत टळते, आणि एकदा टळलेली फाशी पुष्कळदा कायमची टळते. नुसती पोटुशी असून भागत नाही. पोर हलायला हवं.

परवानेवाली सुईण म्हणून या बारा जणींची म्होरकी दॉर्कसच असायची. कैदिणीच्या माणसांना हे ठाऊक असायचं. कुणी चांदीचं बकल पोचवायचं, कुणी रेशमी रुमाल. मग दॉर्कसच्या हाताखाली सगळीच पोरं हलायची. बियरनं सुटलेल्या पोटातली हलायची, शिवलेल्या उशीतलीसुद्धा हलायची. बाकीच्या अकरा जणी मान डोलवायच्या, कारण जेवायची वेळ झालेली असायची. दॉर्कसला यात दयामाया वाटायची असं कुणी समजू नये. तिच्या लेखी ते पापुद्रे विकण्यासारखंच होतं.

तिच्या पन्नाशीच्या आसपास, एका वसंतात, हे बिघडलं. आधीच्या सत्रात 'पोर हललं' म्हणून सोडलेली एक बाई सहा महिने झाले तरी बाळंत होईना. लोकांनी तिच्यावर गाणी केली. नव्या सत्रात न्यायाधीश, एक लालबुंद तोंडाचे म्हातारे गृहस्थ, बारा जणींना शपथ देऊन झाल्यावर म्हणाले, "बायांनो, यापुढे असा खोटा गर्भ निघाला तर मी तुमच्या घरांची झडती घेईन आणि बिशपना तुमच्या परवान्यांबद्दल पत्र लिहीन." म्हणताना त्यांनी सरळ दॉर्कसकडे पाहिलं.

त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर जी पाहुणी होती ती ऐऱ्यागैऱ्या घरची नव्हती. तिचा नवरा दीड वर्ष परदेशात होता. घरात कुणी झडतीला आलं असतं तर दॉर्कसची वीसेक वर्षांची कमाई एका दुपारीत संपली असती.

पोट पुढं केलेली कैदीण टॅमसिन रूक. वय बावीस, शोरडिचला हातमोजे शिवायची. दोन वर्षं ती दुकानांतून लेस लंपास करत होती आणि त्यात इतकी तरबेज होती की पकडली गेली तेव्हा दुकानदाराला म्हणाली, "लेस हलकी आहे हो तुमची. चोरायलाही लाज वाटली." कोर्ट हसलं होतं. शिक्षा ऐकताना मात्र कुणी हसलं नाही.

शेजारच्या खोलीत तिला टेबलावर निजवली. दॉर्कसनं पोटावर हात ठेवला.

"हात गार आहेत हो माई," टॅमसिन म्हणाली. "जरा चोळा आधी."

दॉर्कसनं हात चोळले आणि परत ठेवले. दाबून, बाजूला सरकवून पाहिलं. ओटीच्या हाडाच्या वर, खोल, एक गोल घट्टपणा बोटांना लागला. सुईणीच्या बोटांची त्यात चूक होत नाही. तीन महिने. तिनं छातीही पाहिली, तिथंही तेच दिसलं.

"आहे ना?" टॅमसिननं विचारलं. तिच्याकडून ना बकल आलं होतं ना रुमाल. तिचं बाहेर कुणी नव्हतंच. "मी खोटं बोलत नाहीये माई. या वेळी तरी नाही. तीनदा पाळी चुकलीय."

दॉर्कसनं तिचा घागरा खाली ओढला.

"काय गं, काय सांगायचं?" एका बाईनं हळूच विचारलं. ती विणकराची बायको होती. "म्हातारा चिडलाय."

"गर्भ आहे," दॉर्कस म्हणाली. "हलत नाही."

"मग?"

"मग जेवढं विचारतात तेवढंच सांगायचं."

कोर्टात म्होरकीनं उभं राहून सांगायचं असतं. विचारलं गेलं: कैदिणीच्या पोटात जिवंत, हलतं पोर आहे काय? दॉर्कस म्हणाली, "नाही, सरकार."

टॅमसिन ओरडली नाही. नेहमीच्या वाण्यानं मापात मारलं म्हणजे माणूस जसा बघतो तशी ती दॉर्कसकडे बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "तिला माहीत आहे." चपराशानं तिला गप्प केलं आणि नेलं.

घरी मिल्ड्रेडनं कांद्याचं सूप वाढलं. "काय झालं आज?"

"खरं बोलले."

"काय सांगतेस!" मिल्ड्रेड हसली. मग दॉर्कसचं तोंड पाहून तिनं हसणं आवरलं.

तीन आठवडे गेले. शनिवारी दुपारी न्यूगेटच्या तुरुंगातल्या एका पहारेकऱ्याची बायको दारात आली. तिची दोन्ही बाळंतपणं दॉर्कसनंच केली होती. आत न येता ती म्हणाली, "पिममाई, त्या रूकचा निरोप आहे. आज सकाळी पोर हललं म्हणते. तुम्ही येऊन हात लावून बघा म्हणते. सोमवारी फाशीची गाडी निघायचीय."

"चौथ्या महिन्यात कुठलं हलतंय? वारा असेल."

"मी पण तेच म्हटलं. पण ती म्हणते, माईंना बोलवा, त्यांच्या हाताला कळतं."

दॉर्कस दाराची चौकट धरून उभी राहिली. जाऊन काय करायचं होतं? हललं म्हटलं तर दंडाधिकाऱ्यांकडे पळायचं, तीन आठवड्यांपूर्वीचं आपलं म्हणणं आपणच फिरवायचं, बिशपचं पत्र ओढवून घ्यायचं. नाही हललं म्हटलं तर तिच्या तोंडावर ते परत म्हणायचं. तेवढ्यात वरून कळा सुरू झालेल्या पाहुणीचं ओरडणं ऐकू आलं. वेळेआधी पंधरा दिवस.

"उद्या येते म्हणावं," दॉर्कस म्हणाली.

पाहुणीचं बाळ आडवं होतं. रविवार सगळा त्यात गेला. मिल्ड्रेड पाणी तापवून थकली, पाहुणी ओरडून थकली. सोमवारी सकाळी, फाशीची गाडी निघताना वाजते ती सेंट सेपल्कर चर्चची मोठी घंटा सुरू झाली तेव्हा दॉर्कसचा हात मनगटापर्यंत आत होता आणि बोटांना बाळाचा पाय लागला होता. स्नो हिलवरून गर्दीचा आवाज चढत आला. कोपऱ्यावर गाडी अडली असावी. कुणीतरी गाणं म्हणत होतं, एक फेरीवाली संत्री विकत होती.

"ही कसली घंटा?" पाहुणीनं विचारलं.

"चर्चची आहे बाईसाहेब. श्वास घ्या. आता जोर लावा."

आवाज होलबर्नच्या दिशेनं उतरत गेला. बाळ पायांकडून आलं, निळंसावळं, आणि दॉर्कसनं पाठीवर थापट्या मारल्यावर रडलं. मुलगी होती. मिल्ड्रेड खिडकीपाशी उभी होती. पडदा तिनं उघडला नव्हता.

"गेली गं," ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर महिनाभरानं दॉर्कस सेंट सेपल्करच्या तरुण पाद्र्याकडे गेली. जन्मात ती पहिल्यांदाच कबुली द्यायला गेली होती आणि सुरुवात कुठून करायची ते तिला कळेना.

"पाद्रीबाबा, मी कोर्टात शपथेवर एक गोष्ट बोलले."

"खोटी?"

"नाही. खरी."

पाद्र्यानं तिच्या तोंडाला दारूचा वास येतोय का ते पाहिलं. "मग पाप कसलं त्यात? सत्य बोलणं हा धर्मच आहे."

"पोर होतं हो तिच्या पोटात."

"हलत होतं?"

"तेव्हा नव्हतं."

"मग तुम्ही कायद्यानं जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलंत. मन शांत ठेवा, बाई. दुसरं काही असेल तर सांगा."

दुसरं काही म्हणजे हर्टफर्डशायरला गेलेली बाळं, खोटे बाप, कोकराचे पापुद्रे, चांदीची बकलं. त्या सगळ्यानं तिची झोप कधी उडवली नव्हती, आणि आता ते सांगून फायदा काय, असं तिला वाटलं. "नाही, तेवढंच," म्हणून ती उठली.

घरी आल्यावर तिनं हात धुतले, पुसले आणि दिवसभर कशालाही हात लावला नाही. "दॉर्कस," मिल्ड्रेड म्हणाली, "बाकीच्या अकरा जणीही होत्या ना तिथं? त्यांनी का नाही तोंड उघडलं?"

"त्यांना लागलं नव्हतं हाताला," दॉर्कस म्हणाली. "मला लागलं होतं."

पुढच्या सत्राला ती स्वतःहून पहिल्या बाकावर जाऊन बसली. एका मोलकरणीनं पोट पुढं केलं. पोटात काही नव्हतं. दॉर्कसनं उभं राहून सांगितलं, "हलतंय, सरकार." मोलकरणीचा भाऊ नंतर कोंबडी घेऊन आला तर तिनं दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या सत्राला दोघी, त्याच्या पुढं आणखी दोघी. न्यायाधीश दर सत्राला बदलायचे, म्हणून मागचा हिशेब कुणी ठेवला नाही. कुणाकडून तिनं सुतळीचा तोडाही घेतला नाही. वरच्या मजल्यावर पाहुण्या घेणं बंद केलं, म्हणजे झडतीची भीती नको. घर हळूहळू रिकामं व्हायला लागलं.

"हे तुझं भरपाईचं काम कधी संपणार?" मिल्ड्रेडनं विचारलं.

"भरपाई नाही ही. भरपाई कुणाला करू? ती आहे कुठं?"

"मग काय आहे?"

"मला दुसरं काही म्हणताच येत नाही," दॉर्कस म्हणाली. "तोंडातून 'नाही' निघतच नाही."

आणि ते खरंच होतं, हे दीड वर्षानं सगळ्या कोर्टाला कळलं. त्या दिवशी शिक्षा झालेली बाई होती बावन्न वर्षांची, जुन्या कपड्यांची चोर, तोंडात चार दात. तिनं चेष्टेनंच पोट पुढं केलं. मरायचंच आहे तर म्हाताऱ्या न्यायाधीशाला जरा छळू, असा तिचा विचार असावा. कोर्टात खसखस पिकली. तरी कायदा तो कायदा. दारं लागली, बारा जणी आत गेल्या.

"दॉर्कस, वेड लागलं का?" विणकराची बायको आत कुजबुजली. "हिचा नातू खलाशी आहे!"

दॉर्कसनं त्या सुरकुतलेल्या पोटावर हात ठेवला. म्हातारी तिच्याकडे पाहून हसत होती, पण हसता हसता तिचे ओठ कापायला लागले.

बाहेर येऊन दॉर्कसनं सांगितलं, "हलतंय, सरकार."

आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. मग हशाचा असा लोट उठला की चपराशीही भिंतीला टेकला. न्यायाधीश या वेळी पुन्हा ते धमकी देणारेच होते, पण त्यांचं तोंड त्या दिवशी लाल झालं नाही, पांढरं पडलं. "कैदिणीचं वय किती?"

"बावन्न, सरकार," म्हातारीनंच उत्तर दिलं.

"आणि म्होरकी शपथेवर म्हणते?"

"शपथेवर म्हणते," दॉर्कस म्हणाली. "माझ्या हाताखाली हललं."

बाकीच्या अकरा जणींना एकेक करून विचारलं. एकेक करून त्यांनी नाही म्हटलं. विणकराची बायको रडत रडत नाही म्हणाली. दॉर्कसला खोट्या शपथेबद्दल दोन महिने ब्राइडवेलच्या तुरुंगात घातलं. तिथं तिनं अंबाडी कुटली. बिशपनं परवाना काढून घेतला. काऊ लेनचं घर गेलं. म्हातारीबद्दल सांगायचं तर, तिची गोष्ट शहरभर झाली, खानावळीत लोक तिच्या नावानं पेले रिचवू लागले, आणि पुढं राजाच्या माफीच्या यादीत तिचं नाव निघालं. ते का निघालं, कुणी घातलं, कुणालाच ठाऊक नाही. ती जहाजावर चढून मेरीलँडला गेली. दॉर्कसला तिनं निरोपसुद्धा धाडला नाही.

ब्राइडवेलमधून सुटल्यावर दॉर्कस मिल्ड्रेडच्या खोलीवर राहायला आली. परवाना नसलेल्या सुईणीला घरंदाज बायका बोलवत नाहीत. न्यूगेटच्या बायकांच्या कोठडीत मात्र कुठलीच सुईण पाय ठेवायला तयार नसायची. तिथं तुरुंगताप कायमचा वस्तीला होता. दॉर्कस एके सकाळी पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिली. त्याच पहारेकऱ्याच्या बायकोनं दार उघडलं. 

"त्या रूकला ठेवली होती ती कोठडी कुठली?" दॉर्कसनं विचारलं.

"ती बंद आहे आता माई. छत कोसळलंय."

"बरं. मग आज कुणाचे दिवस भरलेत?"

पुढची चार वर्षं ती रोज तिथं गेली. गवताच्या पेंढीवर, चोरांच्या आणि वेश्यांच्या घोळक्यात तिनं एकवीस बाळंतपणं केली. चौदा बाळं जगली. तेवढी दुसऱ्या कुणाच्या हातून तिथं जगली नसती असं पहारेकरीसुद्धा मानायचे. खोटंही ती बोलायचीच. मरणाऱ्या बाईला म्हणायची, बाळ छान लाल झालंय. बाळ गेलेल्या आईला म्हणायची, त्याला दुखलं नाही. मिल्ड्रेडनं एकदा विचारलं की हे तरी खरं होतं का. दॉर्कसनं पिशवीतले फडके घड्या घालून ठेवले आणि सांगितलं, "मला काय ठाऊक? मी काही बाळ नव्हते."

पाचव्या वसंतात तिला तिथला ताप आला. आठ दिवस पडून होती. शेवटच्या दोन दिवसांत तिची बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपत होती, दाबून, बाजूला सरकवून. मिल्ड्रेडनं तिचे हात धरून ठेवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दफनाच्या दिवशी पाद्र्यानं चर्चची नोंदवही उघडली. मृताचा व्यवसाय काय लिहू, त्यानं विचारलं.

"सुईण," मिल्ड्रेड म्हणाली.

"परवाना काढून घेतला होता ना?"

"हात काढून घेतले नव्हते."

पाद्र्यानं लेखणी शाईत बुडवली, जरा थांबला, आणि लिहिलं: दॉर्कस पिम, विधवा, तुरुंगताप. मिल्ड्रेडला वाचता येत नव्हतं. त्यानं सुईण लिहिलं असं समजून ती आभार मानून बाहेर पडली.